दोन शिड्या, तीन समीकरणं: ग्रोब्नर बेसिसमध्ये चलांचा क्रम ठरवण्याचं एक प्रकरण

एका बोळाच्या दोन्ही बाजूंना सरळ उभ्या भिंती आहेत. ११९ एकक लांबीची शिडी डाव्या भिंतीच्या पायथ्यापासून उजव्या भिंतीवर टेकवली आहे. ७० एकक लांबीची दुसरी शिडी उजव्या भिंतीच्या पायथ्यापासून डाव्या भिंतीवर टेकवली आहे. दोन्ही शिड्या जमिनीपासून ३० एकक उंचीवर एकमेकींना छेदतात. बोळाची रुंदी किती?

हे जुनं कोडं आहे, आणि ११९, ७०, ३० हे त्रिकूट मुद्दाम निवडलेलं आहे, कारण त्यात सगळी उत्तरं पूर्णांकात येतात. रुंदी ५६ आहे. लांब शिडी १०५ उंचीवर टेकते, लहान शिडी ४२ वर. उत्तर आधीच ठाऊक असलेलं उदाहरण घेण्याचा फायदा म्हणजे यंत्राने दिलेल्या प्रत्येक ओळीची हाताने पडताळणी करता येते. इथे प्रश्न रुंदीचा नाही. बहुपदींच्या आयडियलवर (दिलेल्या बहुपदींना इतर बहुपदींनी गुणून आणि बेरजा करून मिळणाऱ्या सगळ्या बहुपदींच्या संचावर) काम करणारे अल्गोरिदम हे कोडं कोणत्या वाटेने सोडवतात आणि त्या वाटेवर कुठे फसतात, हा आहे.

समीकरणं मांडणं

रुंदी क्ष, लांब शिडीचं टोक ज्या उंचीवर टेकतं ती य, लहान शिडीची झ. पायथागोरसवरून दोन समीकरणं मिळतात आणि समरूप त्रिकोणांवरून तिसरं:

(१) क्ष^२ + य^२ − १४१६१ = ०
(२) क्ष^२ + झ^२ − ४९०० = ०
(३) यझ − ३०य − ३०झ = ०

तिसरं समीकरण मुळात १/य + १/झ = १/३० असं होतं. छेद काढण्यासाठी दोन्ही बाजूंना ३०यझ ने गुणलं. इथेच पहिली सावधगिरी हवी. गुणल्यावर य = झ = ० हाही (३) चा उकल झाला, जो मूळ समीकरणात नव्हता. या आकड्यांना त्याने धक्का लागत नाही, कारण य आणि झ दोन्ही शून्य असतील तर (१) वजा (२) मधून ९२६१ = ० असं निघतं. पण ‘या आकड्यांना’ हे शब्द महत्त्वाचे आहेत, ते शेवटी कळेल.

उकल किती असणार हे आधीच सांगता येतं. तिन्ही समीकरणं दुसऱ्या कोटीची आहेत, तेव्हा बेझूच्या प्रमेयानुसार जास्तीत जास्त २ × २ × २ = ८. सर्वोच्च कोटीचे भाग घेतले तर क्ष^२ + य^२, क्ष^२ + झ^२ आणि यझ हे तिन्ही एकदम शून्य होण्यासाठी तिन्ही चल शून्य असावे लागतात. म्हणजे अनंतावर एकही उकल पळालेला नाही आणि संमिश्र संख्यांमध्ये, पुनरावृत्ती धरून, बरोबर ८ उकल आहेत. हा आकडा कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवावा. पुढे प्रत्येक बेसिसची पहिली तपासणी यानेच होते.

आधी कोटिक्रम

ग्रोब्नर बेसिस काढण्याचा मूळ अल्गोरिदम ब्रुनो बुखबर्गर यांनी १९६५ साली इन्सब्रुक विद्यापीठातल्या प्रबंधात मांडला, आणि अशा बेसिसना नंतर आपले मार्गदर्शक वोल्फगांग ग्रोब्नर यांचं नाव दिलं. ग्रोब्नर बेसिस म्हणजे त्याच आयडियलमधला असा बहुपदींचा संच, ज्याने भागल्यावर प्रत्येक बहुपदीची बाकी एकच ठरते. कल्पना थोडक्यात अशी: एकपदींचा (यझ, क्ष^२ अशा चलांच्या गुणाकारांचा) एक क्रम ठरवायचा, प्रत्येक बहुपदीचं अग्रपद, म्हणजे सर्वांत मोठं पद, त्या क्रमाने निवडायचं, दोन बहुपदींची अग्रपदं एकमेकांना खोडतील अशी एस-बहुपदी बनवायची आणि उरलेल्या सगळ्यांनी भागून तिची बाकी काढायची. बाकी शून्य आली तर ती जोडी संपली. नाही आली तर ती बाकी बेसिसमध्ये जाते आणि नव्या जोड्या तयार होतात.

क्रम क्ष > य > झ आणि आधी एकूण कोटी बघणारा, म्हणजे कोटिक्रम. (१) आणि (२) चं अग्रपद एकच आहे, क्ष^२, म्हणून त्यांची वजाबाकी लगेच होते:

(४) य^२ − झ^२ − ९२६१

(१) आता टाकून देता येतं, कारण ते (२) आणि (४) ची बेरीज आहे. जाता जाता, ९२६१ म्हणजे २१ चा घन. हे पुढे एका ठिकाणी उपयोगी पडेल.

आता (४) आणि (३) ची जोडी. (४) ला झ ने गुणून त्यातून य गुणिले (३) वजा केलं की य^२झ खोडलं जातं आणि उरतं:

−झ^३ + ३०य^२ + ३०यझ − ९२६१झ

यातला ३०य^२ (४) ने भागून ३०झ^२ + २७७८३० होतो, आणि ३०यझ (३) ने भागून ९००य + ९००झ होतो. चिन्ह बदलून बाकी:

(५) झ^३ − ३०झ^२ − ९००य + ८३६१झ − २७७८३०

पुढची जोडी (३) आणि (५). तिची एस-बहुपदी −३०झ^३ + ९००य^२ − ८३६१यझ + २७७८३०य अशी येते. भागाकार केला की झ^२ चे सहगुणक −९०० आणि +९०० खोडतात, झ चे +२५०८३० आणि −२५०८३० खोडतात, स्थिर पदं −८३३४९०० आणि +८३३४९०० खोडतात. य साठी तीन भाग उरतात: −२७००० − २५०८३० + २७७८३०. बेरीज शून्य. ही शेवटची बेरीज लक्षात ठेवा, दशांश अपूर्णांकांच्या वेळी हीच घात करते.

बाकीच्या जोड्यांना हात लावायची गरज नाही. (४) चं अग्रपद य^२ आणि (५) चं झ^३ यांत समाईक चल नाही, आणि (२) चं क्ष^२ इतर कुणाशीच जुळत नाही. अग्रपदं परस्पर मूळ असतील तर एस-बहुपदीची बाकी शून्यच येते, हा बुखबर्गर यांचा पहिला निकष. मोठ्या प्रश्नांत बहुतेक वेळ शून्य बाकी देणाऱ्या जोड्यांवर वाया जातो. असे निकष आणि त्यांच्यावर उभे राहिलेले फोजेर यांचे एफ४ (१९९९) आणि एफ५ (२००२) हे अल्गोरिदम याच खर्चावर घाव घालतात. पहिला अनेक भागाकार एका मोठ्या मॅट्रिक्समध्ये एकदम करतो, दुसरा निरुपयोगी जोड्या आधीच ओळखतो.

तर बेसिस झाला (२), (३), (४), (५). अग्रपदं क्ष^२, यझ, य^२, झ^३. यांपैकी कशानेही भाग न जाणाऱ्या एकपदी मोजल्या तर १, य, झ, झ^२ आणि त्याच चार क्ष ने गुणलेल्या, म्हणजे ८. अशा एकपदींची संख्या पुनरावृत्ती धरून उकलांइतकीच असते, म्हणजे कोपऱ्यातला आकडा जुळला. सिंग्युलर या संगणकीय बीजगणिताच्या प्रणालीमध्ये हे काम ‘व्हीडिम’ ही आज्ञा करते.

दुसरी तपासणी प्रमाणपत्राची. (५) खरंच मूळ आयडियलमध्ये आहे हे दाखवणारी ओळ अशी:

(५) = (३० − झ) × (४) + (य + ३०) × (३)

गुणाकार करून पाहिला की य^२झ, ३०य^२ आणि ३०यझ ही तिन्ही पदं खोडतात आणि बरोबर (५) उरतं. कुठल्याही निकालावर विसंबण्याआधी असे सहगुणक मागून घ्यावेत. सिंग्युलरची ‘लिफ्ट’ आज्ञा ते देते.

मग कोशक्रम, पण थेट नाही

उकल हातात यायला एकाच चलातलं समीकरण हवं. ते कोशक्रम देतो: शब्दकोशासारखं आधी क्ष बघायचं, मग य, मग झ, एकूण कोटी कितीही असो. मोठ्या प्रश्नात पहिल्याच फटक्यात कोशक्रमावर बुखबर्गर चालवणं ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. मधल्या बहुपदींची कोटी आणि सहगुणक दोन्ही फुगतात आणि स्मृती संपते. सिम्पाय या पायथन लायब्ररीमधलं ग्रोब्नर काढणारं फंक्शन क्रम सांगितला नाही तर कोशक्रमच धरतं, त्यामुळे ही चूक नकळत होते.

उकल मर्यादित असतील तर त्याहून बरी वाट म्हणजे फोजेर, जियानी, लाझार आणि मोरा यांचा १९९३ चा एफजीएलएम अल्गोरिदम. त्यात नव्याने एस-बहुपदी काढाव्या लागत नाहीत, फक्त रेषीय बीजगणित लागतं. कोटिक्रमाच्या बेसिसमुळे प्रत्येक बहुपदीची बाकी १, य, झ, झ^२ यांच्या पटींत लिहिता येते (क्ष सध्या बाजूला ठेवू). झ ने गुणण्याची क्रिया मग एवढीच:

झ × १ = झ
झ × य = ३०य + ३०झ
झ × झ = झ^२
झ × झ^२ = ३०झ^२ + ९००य − ८३६१झ + २७७८३०

आता १, झ, झ^२, झ^३ अशा घातांच्या बाक्या एकेक करून लिहायच्या आणि पहिलं रेषीय नातं सापडेपर्यंत थांबायचं. पहिल्या चार स्वतंत्र आहेत. झ^४ ची बाकी −७४६१झ^२ + ५४०००य + ५४०००झ + ८३३४९०० येते. यातला ५४०००य म्हणजे ६० वेळा ९००य, आणि ९००य हा (५) वरून झ च्या घातांत लिहिता येतो. तो घातला की:

(६) झ^४ − ६०झ^३ + ९२६१झ^२ − ५५५६६०झ + ८३३४९०० = ०

आणि (५) ला कोशक्रमाच्या नजरेने पाहिलं की त्याचं अग्रपद य होतं:

(७) य = झ^३/९०० − झ^२/३० + ९२९झ/१०० − ३०८७/१०

(२) जसंच्या तसं राहतं. कोशक्रमाचा पूर्ण बेसिस म्हणजे (२), (७) आणि (६). क्ष^२ × य × झ^४, पुन्हा ८.

(६) मध्ये झ = ४२ घातलं तर ३१११६९६ − ४४४५२८० + १६३३६४०४ − २३३३७७२० + ८३३४९०० = ०. (७) मध्ये घातलं तर ८२.३२ − ५८.८ + ३९०.१८ − ३०८.७ = १०५. आणि क्ष^२ = ४९०० − १७६४ = ३१३६, म्हणजे क्ष = ५६.

आठांपैकी कोणता?

(झ − ४२) ने भागल्यावर झ^३ − १८झ^२ + ८५०५झ − १९८४५० उरतं. याच्या अवकलजाचा विवेचक ऋण आहे, म्हणून ही घन बहुपदी सतत वाढती आहे आणि तिचा एकच वास्तव उकल आहे, सुमारे २३.०२०५. तो घेतला तर य ≈ −९८.९४९ आणि क्ष ≈ ±६६.१०६. भूमितीत याचा अर्थ असा: लांब शिडीची रेषा उजव्या भिंतीला जमिनीखाली भेटते, आणि दोन्ही शिड्यांच्या वाढवलेल्या रेषा ३० उंचीवर डाव्या भिंतीच्या बाहेर छेदतात. बीजगणिताच्या दृष्टीने हा पूर्ण वैध उकल आहे. शिडी आणि भिंत यंत्राला दिसत नाहीत. उरलेले चार उकल संमिश्र आहेत.

भौतिक उकल एकच असतो हे आकडेवारीवर न सोडता सिद्ध करता येतं. (६) ची मांडणी बदलली तर ते असं दिसतं:

झ^३(झ − ६०) + ९२६१(झ − ३०)^२ = ०

आता झ = ३० + स घाला, कारण लहान शिडीचं टोक छेदबिंदूच्या वरच असणार:

स^४ + ६०स^३ + ९२६१स^२ − ५४०००स − ८१०००० = ०

सहगुणकांची चिन्हं अधिक, अधिक, अधिक, उणे, उणे. चिन्ह एकदाच बदलतं, म्हणून देकार्तच्या नियमाने धन उकल एक आणि एकच, तो म्हणजे स = १२. मूळ (६) वर हाच नियम लावला असता तर चिन्ह चार वेळा बदलतं आणि काहीच निष्पन्न होत नाही. योग्य सरकवणी शोधणं इथे हाताने जमलं. सर्वसाधारण प्रश्नात स्टर्मची साखळी किंवा अंतराल विभागून उकल अलग करणारे अल्गोरिदम हेच काम यांत्रिकपणे करतात.

मात्र स धन असणं पुरेसं नाही, क्ष वास्तव असायला झ ७० पेक्षा लहान हवा. छेदबिंदूची उंची ३० ऐवजी ४५ मागितली तरी बेसिस तितक्याच शांतपणे आठ उकल देतो, फक्त धन स शी जुळणारा झ ७० च्या वर जातो आणि क्ष^२ ऋण होतो. बोळ शून्य रुंदीचा केला तरी छेदाची उंची (११९ × ७०) / १८९, म्हणजे सुमारे ४४.०७ च्या वर जात नाही.

रुंदी शेवटी ठेवली तर

प्रश्न रुंदी विचारतो, म्हणून क्ष हे सर्वांत लहान चल ठेवून बाकी दोन काढून टाकावेत, हा मोह साहजिक आहे. नवशिक्यांच्या कामात तो जवळजवळ हमखास दिसतो. ट = क्ष^२ असं लिहिलं तर तेव्हा मिळणारी बहुपदी ही:

(ट^२ − १७२६१ट + ५२२३४०००)^२ − ३२४००००(ट^२ − १९०६१ट + ६९३८८९००) = ०

कंस सोडवल्यावर:

ट^४ − ३४५२२ट^३ + ३९९१७०१२१ट^२ − १७४१४६४५०८०००ट + २५०३५७०७२००००००० = ०

क्ष मध्ये ही आठव्या कोटीची आहे, झ मधली चौथ्या. स्थिर पद तिथे सात अंकी होतं, इथे सोळा अंकी आहे. आयडियल तोच, उकल तेच, आणि ट = ३१३६ घातलं की पहिला कंस ७९३८००० येतो व त्याचा वर्ग वजा होणाऱ्या भागाशी तंतोतंत जुळतो. म्हणजे यात चूक काही नाही, फक्त किंमत जास्त मोजली.

किंमत का वाढली याचं कारण नेमकं आहे. समीकरणांत क्ष फक्त वर्गाच्या रूपात येतो, म्हणून प्रत्येक (य, झ) जोडीला क्ष चे दोन उकल, अधिक आणि उणे. क्ष शेवटी ठेवला की एकट्या क्ष च्या बहुपदीला हे आठही उकल वेगवेगळे सांगावे लागतात. क्ष सर्वांत मोठा ठेवला की ती दुप्पट (२) मध्ये अडकून राहते आणि (६) ला फक्त चार उकल पेलावे लागतात. जो चल समीकरणांत सममितीने येतो त्याला क्रमात वर ठेवा, हवा असलेला चल शेवटून दुसऱ्या पायरीवर मिळाला तरी चालतो. य शेवटी ठेवला असता तर झ सारखंच चाललं असतं, त्याची चौथ्या कोटीची बहुपदी ९२६१ चं चिन्ह उलटं करून मिळते.

फरक केवळ सौंदर्याचा नाही. तीच मापं दशांश एककात दिली, म्हणजे ११९० आणि ७०० आणि ३००, तर (६) चं स्थिर पद १०^४ पट होऊन अकरा अंकी होतं. ट च्या बहुपदीचं १०^८ पट होऊन चोवीस अंकी होतं. दुहेरी अचूकतेचा दशांश आकडा ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंतचेच सगळे पूर्णांक नेमके धरतो, तेव्हा पहिली बहुपदी संख्यात्मक उकल काढणाऱ्या फंक्शनमध्ये जशीच्या तशी जाते आणि दुसरीचे सहगुणक आत जातानाच कापले जाऊ शकतात.

११.९ असं लिहिलं तर

मोजमापं मीटरमध्ये आली आणि कुणी ११.९, ७.० आणि ३.० असे दशांश थेट बेसिस काढणाऱ्या फंक्शनला दिले, तर काय होऊ शकतं ते वरच्या हिशेबातूनच दिसतं. (३) आणि (५) च्या जोडीत य चा सहगुणक तीन संख्यांची बेरीज होता आणि ती शून्य व्हायला हवी होती. दशांशात त्या तीन संख्या वेगवेगळ्या वाटांनी गोलाकार होऊन येतात. बेरीज शून्याऐवजी १०^(−१४) च्या आसपास काहीतरी उरली, तर अल्गोरिदमच्या दृष्टीने ती शून्य नाही. तो तिने भागतो आणि बेसिसमध्ये नवी बहुपदी घालतो: य.

आता य आयडियलमध्ये आहे म्हटल्यावर (३) मधून झ आत येतो, (४) मधून एक शून्येतर स्थिरांक आत येतो, आणि बेसिस होतो फक्त १. निष्कर्ष: उकल नाही. वापरणाऱ्याला वाटतं समीकरणं विसंगत आहेत. प्रत्यक्षात एकाच सहगुणकातल्या एका गोलाकारामुळे आख्खं उत्तर गेलं. नशिबाने बेरीज नेमकी शून्य आली तर बरोबर उत्तरही मिळेल, आणि ते जास्त धोकादायक, कारण मग पद्धत बरोबर आहे असं वाटू लागतं.

उपाय साधा: ११९/१० असं परिमेय रूपात द्या, किंवा सगळं १० ने गुणून पूर्णांक करा. बेसिस नेमक्या अंकगणितात काढा आणि दशांश फक्त शेवटी, (६) चे उकल काढताना आणा. संख्यात्मकच जायचं असेल तर झ ने गुणण्याच्या चार बाय चार मॅट्रिक्सच्या आयगेन किमती काढाव्यात. त्या म्हणजेच झ च्या चार किमती. मोठ्या, फुगलेल्या सहगुणकांच्या एकचल बहुपदीपेक्षा ही वाट बहुधा स्थिर असते.

मूळ संख्यांच्या वाटेने

नेमकं अंकगणित म्हणजे फुगणारे अपूर्णांक. म्हणून गंभीर प्रणाली बेसिस आधी एखाद्या मूळ संख्येच्या मॉड्युलोमध्ये (सहगुणकांना त्या संख्येने भागून उरणारी बाकी तेवढी धरून) काढतात, अशा अनेक संख्यांचे निकाल चिनी बाकी सिद्धांताने जोडतात आणि शेवटी परिमेय पुनर्रचना करतात, म्हणजे बाकीवरून मूळ अपूर्णांक ओळखतात. ३२००३ घेतली तर (६) असं दिसतं:

झ^४ − ६०झ^३ + ९२६१झ^२ − ११६०९झ + १४१२०

शेवटचे दोन सहगुणक गुंडाळले गेले आहेत. तेवढ्याच आकाराची आणखी एक मूळ संख्या जोडली की गुणाकार सुमारे १०^९ होतो आणि ८३३४९०० सुखाने ओळखता येतो.

कोणती मूळ संख्या चालणार नाही? या प्रकरणात हे बोट ठेवून दाखवता येतं. मॉड्युलो ५ मध्ये ३० शून्य होतो. कोटिक्रमाच्या बेसिसला काही होत नाही: (५) चं झ^३ + झ होतं, अग्रपद झ^३ च राहतं. पण कोशक्रमात (५) चं अग्रपद ९००य होतं आणि ते नाहीसं झालं. म्हणून मॉड्युलो ५ चा कोशक्रमी बेसिस क्ष च्या समीकरणाशिवाय य^२ − झ^२ − १, यझ, झ^३ + झ असा निघतो, ज्यात एकचल बहुपदी तिसऱ्या कोटीची आहे. उकलांची संख्या अजून ८ च आहे, आकृती मात्र बदलली. २ आणि ३ यांचंही तेच. म्हणजे एकच मूळ संख्या एका क्रमाला चालते आणि दुसऱ्याला नाही.

७ ची गोष्ट वेगळी. ९२६१ = ३^३ × ७^३, म्हणून मॉड्युलो ७ मध्ये तो शून्य होतो, पण ९०० होत नाही. दोन्ही क्रमांतली अग्रपदं शाबूत राहतात, बेसिसच्या दृष्टीने ७ चालते. तरी (६) तिथे झ^३(झ − ४) होतं, तिहेरी उकलासह. उकल वेगवेगळे आहेत का हे पाहण्यासाठी ७ निवडली असती तर चुकीचं उत्तर मिळालं असतं. मोठ्या मूळ संख्या वापरण्यामागे वेगापेक्षा हे अपघात टाळणं हा हेतू जास्त असतो.

शिड्या सारख्या लांबीच्या असतील तर

आकड्यांच्या जागी अक्षरं ठेवू: छेदाची उंची उ, शिड्यांच्या लांबींच्या वर्गांचा फरक फ. तर (५) असं होतं:

झ^३ − उझ^२ − उ^२य + (फ − उ^२)झ − उफ

कोटिक्रमात बेसिसमधल्या चारही बहुपदींच्या अग्रपदांचे सहगुणक १ आहेत, आणि ती घातकी बेरीज −उ^३ − उ(फ − उ^२) + उफ कायम शून्यच असते. म्हणजे फ आणि उ ची कुठलीही किंमत घाला, अगदी शून्यही, हा बेसिस तसाच टिकतो. कोशक्रमात मात्र उ^२ ने भागावं लागतं, म्हणून उ = ० हा वेगळा फाटा काढावा लागतो. अक्षरी प्राचलांवर काम करताना एकदा भागलेला सहगुणक नंतर शून्य होऊ शकतो, आणि प्रणाली ते सांगत नाही. आधी कोटिक्रम घेण्याचं हे दुसरं, कमी बोललं जाणारं कारण.

फ = ० म्हणजे शिड्या सारख्या. (६) तेव्हा झ^३(झ − २उ) = ० असं होतं. झ = २उ हा खरा उकल: दोन्ही टोकं सारख्या उंचीवर, छेद बरोबर मध्यावर. पण झ = ० तिहेरी आला आहे, आणि तिथे य = ०, क्ष = शिडीची लांबी. दोन्ही शिड्या जमिनीवर आडव्या पडल्या आहेत. छेद काढताना सुरुवातीला जो पाहुणा आत आला होता तो हाच. फ शून्य नसताना त्याला उंबरठा ओलांडता येत नव्हता. आठ उकलांचा हिशेब आता असा: क्ष च्या दोन्ही चिन्हांसाठी तिहेरी आडवा उकल, म्हणजे ६, अधिक खरे २.

तो काढायचा तर यझ ने संपृक्त करायचं. एक जादा चल ग घ्यायचा, आयडियलमध्ये १ − गयझ घालायचं आणि ग काढून टाकायचा. यझ शून्य असेल तिथे ही बहुपदी १ होते, म्हणून ते उकल गळून पडतात, पुनरावृत्तीसकट. उरतात य − २उ, झ − २उ आणि क्ष^२ + ४उ^२ वजा शिडीच्या लांबीचा वर्ग. सिंग्युलरमध्ये यासाठी तयार आज्ञा आहे. जादा चलाने बेसिसचा खर्च वाढतो, म्हणून आधी मूळ आयडियलमध्ये यझ घालून बेसिस १ येतो का ते पाहावं. ११९ आणि ७० साठी तो १ येतो, तेव्हा संपृक्त करण्याची गरज नव्हती. ७० आणि ७० साठी येत नाही.